करंगळीखालच्या दोन तारा

मुनीर, काल तुझ्या गळ्यात टाय बघितला.

टाय एकटा नव्हता, अख्खा सूट होता. निळा, चकचकीत. बसस्थानकापासून क्लासच्या इमारतीपर्यंत विजेच्या प्रत्येक खांबाला तू त्या सुटात लटकलेला. डोकं तुझंच होतं. गेल्या वर्षीच्या निकालाच्या फ्लेक्सवरून ते कापून घेतलं असणार, कारण तुझ्या डाव्या कानाला कुण्या गुणवंत मुलीच्या रिबिनीचा तुकडा चिकटून राहिला होता. गळ्याखाली मात्र तू नव्हतासच. तिथं कुणी परदेशी तरुण होता, त्याच्या हातात गिटार होती आणि आपलं डोकं गेल्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मी खांबाखाली उभा राहून त्याची बोटं वाचली. जी मेजर. नवी गिटार घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो ती कॉर्ड. जिला तू जन्मभर 'शाळेची घंटा' म्हणत आलास, ती तुझ्या हनुवटीखाली, रंगीत, चौकाचौकात. वर लिहिलं होतं, 'केमिस्ट्रीचा बादशहा हरपला'. खाली संचालकसाहेबांचा हात जोडलेला फोटो, तुझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या खाली प्रवेशासाठी फोन नंबर.

तुला राग आला नसता, हे मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, "जाऊ दे ना परफेसर. सूट तर भारी हाय." तुझ्या या 'जाऊ दे ना'शी मी इतकी वर्षं भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही आणि तू मध्येच उठून गेलास.

नांदेडला तुला पोचवलं त्या दुपारी असलं काही नव्हतं. पांढरं कापड, ओळीत उभी माणसं, खांद्याला खांदा. कुणाच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची नव्हती, कारण खुर्चीच नव्हती. अर्धापूरचा तुझा केळीवाला मावसभाऊ चिकाचे डाग पडलेल्या शर्टात आला, तो पहिल्या ओळीत उभा राहिला. क्लासचे भागीदार गाडीतून उशिरा उतरले, ते मागं राहिले. कुणीही त्यांना 'पुढं या साहेब' म्हटलं नाही. प्रत्येकानं मुठीनं माती टाकली, मीही टाकली. आभारप्रदर्शन झालं नाही. इतकी नीटनेटकी गोष्ट मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वाटलं, चला, मुनीर सुटला.

पण लातूर कुणाला असं सोडत नाही.

काल क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मला व्यासपीठावर बसवलं. समोरच्या पाटीवर माझ्या नावाआधी 'ज्येष्ठ विचारवंत' असं लिहिलं होतं. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. मग मला शाल आणि नारळ दिला. शोकसभेत शाल, मुनीर. गेलास तू आणि सत्कार माझा. समई लावली, तुझ्या फोटोला हार घातला. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, पण सूत्रसंचालकाला ती शांतता पेलवेना. त्यानं अर्ध्यातच माइकवर 'धन्यवाद' म्हटलं. कुणाला म्हटलं, ते कळलं नाही.

व्यासपीठाच्या मधोमध काचेचं कपाट होतं. कपाटात ट्यूबलाइट होती. ट्यूबलाइटखाली तुझी गिटार होती, गळ्यात निशिगंधाचा ओला हार. हाराचं पाणी ठिबकून लाकडावर उतरत होतं. कपाटाला छोटं पितळी कुलूप होतं.

ही गिटार त्यांनी आपाकडून फक्त कार्यक्रमापुरती म्हणून मागून नेली होती. रझिया आपा, तुझी थोरली बहीण. तिनं तुला लहानाचं मोठं केलं, आणि तू लग्न करायचं नाव घेईनास म्हणून नांदेड सोडून लातुरात तुझं घर सांभाळायला आली. ती पहिल्या रांगेत डोक्यावरून ओढणी घेऊन बसली होती. सूत्रसंचालक सांगत होता की हे कपाट उद्यापासून क्लासच्या दर्शनी भागात कायमचं राहील आणि येणाऱ्या प्रत्येक बॅचला प्रेरणा देईल. आपानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग संचालक उठले. घसा साफ केला. "ही साधी गिटार नाही," ते म्हणाले. "भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून, स्वतःच्या रक्ताळलेल्या हातांनी मुनीर सरांनी ही बाहेर काढली. मृत्यूच्या छायेतून त्यांनी संगीत वाचवलं."

समोरची पोरं लिहून घ्यायला लागली. सवय असते त्यांना.

मुनीर, तो माणूस तिथं होता. तू, मी आणि तो, आपण तिघंही तिथं उभे होतो.

मी कॉलेजची मुलं घेऊन भूकंपाच्या गावांत मदतीचं सामान निवडायला जात होतो. तू तेव्हा लातुरात नवा, माझ्या शेजारची खोली भाड्यानं घेऊन केमिस्ट्रीच्या शिकवण्या धरलेल्या. संचालक तेव्हा संचालक नव्हते आणि साहेबही नव्हते. तुझ्यासारखेच शिकवणीवाले, फक्त शर्टाला कडक इस्त्री. ट्रक रिकामे होत होते. दूरदूरच्या लोकांनी करुणेपोटी आपापली कपाटं रिकामी केली होती. लोकरीचे ओव्हरकोट, उंच टाचांचे बूट, तेही एकेकटे, पोहायचे कपडे, चमकीचे झगे. समोर बाया पातेलं मागत होत्या. एका म्हाताऱ्यानं ओव्हरकोट उचलून म्हशीच्या पाठीवर टाकला. त्या अख्ख्या डोंगरातला तेवढा एकच कोट कामी आलेला मी पाहिला. एक पुढारी येऊन गेला. त्यानं एकच ब्लँकेट एकाच बाईला पुन्हा पुन्हा दिलं, कारण फोटोग्राफरचं समाधान होईना. ती बाई दर वेळी हात पुढं करत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्या पुढाऱ्याचा विसरलो, एवढीच त्याला शिक्षा.

त्या कपड्यांच्या डोंगरातून गिटार निघाली. मधल्या तीनच तारा शाबूत.

"फेकून द्या," हेच संचालक म्हणाले. "लोकांना भांडी पाहिजेत." आणि त्या दिवशी त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

एक म्हातारी त्या ढिगात तांब्या शोधत होती. तू गिटार तिच्यापुढं धरलीस.

"मावशी, ही कुणाला पायजे का?"

"काय हाय त्ये?"

"गिटार. वाजवायची असती."

"कुनाच्या दारात वाजवू?" ती म्हणाली आणि मागं बघितलं. मागं नुसती दगडमाती होती. "दार हाय का कुनाचं? घिऊन जा बाबा, जागा अडतीया. आन् म्होरल्या टायमाला तांबे धाडा म्हनाव."

तू गिटार घेऊन आलास. पुढच्या खेपेला पोतंभर तांबे घेऊन गेलास. या दोन्हींपैकी काचेच्या कपाटात एकच जाते, हे मला कालच कळलं.

त्या दिवसांत सगळं लातूर उघड्यावर झोपत होतं. जमीन शांत होत गेली तसं एकेक घर आत गेलं. माझी बायको आत गेली, मुलगी आत गेली. मी अंगणातल्या खाटेवरच. लोकांनी विचारलं की सांगायचो, बाहेर हवा चांगली असते. पुस्तकं वाचलेल्या माणसाकडं भीतीला घालायला कपडे पुष्कळ असतात.

एका संध्याकाळी तू मला काही न विचारता माझ्या घरात शिरलास, माझ्याच खुर्चीत बसलास आणि त्या तीन तारांवर तीन सूर एकदम छेडलेस. मी बाहेरून ऐकले. चुकलेत म्हणावं तर चुकलेले नव्हते, बरोबर म्हणायला जीभ वळेना. शिंक येता येता अडकावी, तसं काहीतरी नाकाशी येऊन थांबलं.

"पुढं?" मी खाटेवरून ओरडलो.

"पुढचं आत हाय."

"इथं ऐकू येतं की."

"न्हाई येत. आत ये."

"मुनीर, नाटकं करू नको."

"मी कुटं करून राहिलो? घर तुझं, खुर्ची तुझी. मी तर पाहुणा हाय. पाहुण्याला एकटं बसवून तूच भाईर लोळून राहिला."

मी उंबरा ओलांडला. तू दोन बोटं जराशी पुढं सरकवलीस, तिसरं होतं तिथंच ठेवलंस, आणि तारा छेडल्यास. शिंक आली. त्या दिवसापासून मी घरात झोपायला लागलो. डॉक्टरांना, देवाला आणि बायकोला जे जमलं नाही ते परदेशातून चुकून आलेल्या, अर्ध्या तारांच्या गिटारीनं केलं. याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू त्याची वर्षभर टिंगल केली असतीस.

त्याला ऑगमेंटेड कॉर्ड म्हणतात, हे तू नंतर सांगितलंस. सा, ग आणि त्यांच्या वर कोमल ध. साध्या मेजर कॉर्डमधला पंचम अर्धं पाऊल वर ढकललेला. तू मला बोटं धरून दाखवलंस की या तिघांमध्ये अंतर अगदी सारखं. हाताची तीच ठेवण चार पडदे पुढं सरकवली की पुन्हा तेच तीन सूर, फक्त बसायच्या जागा बदललेल्या. आणखी चार पडदे, पुन्हा तेच. यातला मुख्य सूर कोणता, असं विचारलं तर तिघांपैकी कुणाचंही नाव घ्यावं.

"क्लासमधी असा प्रश्न टाकला तर संचालक रद्द करतेत," तू म्हणायचास. "चारातले तीन पर्याय बरोबर."

माझा त्यातला आनंद वेगळा होता. जन्मभर मी सभा पाहिल्या होत्या, अध्यक्ष पाहिले होते, अध्यक्षांच्या खुर्चीवर टाकलेला टर्किश टॉवेल पाहिला होता. आणि इथं तीन सूर सारख्या अंतरावर बसले होते, त्यांच्यात अध्यक्ष नव्हता. मी त्या कॉर्डच्या प्रेमात पडलो ते या कारणानं. संगीतासाठी नाही. हे तुला माहीत होतं आणि तू ते चालवून घेतलंस.

तुला हे सगळं सिकंदराबादेत मिळालं होतं. तुझे अब्बा तिथं रेल्वेच्या कारखान्यात होते तेव्हा शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. ते शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला जॅझ वाजवायचे, आणि उरलेला आठवडा तुला शिकवायचे. त्यांचं एकच वाक्य तू मला वर्षानुवर्षं ऐकवलंस, तुझ्या भाषेत करून: "बोटाला समजलं की डोक्याला सांगू नको, डोकं भाषण देतं." माझ्यासाठीच ते गार्डसाहेबांनी बोलून ठेवलं होतं असं तुझं म्हणणं.

गिटारीला उरलेल्या तारा चढवून तीन सुरांवरून तू मला पुढं ओढत नेलंस. सातवा सूर घातलास, नववा घातलास. शेवटी ती कॉर्ड आली जिनं माझी उरलेली वर्षं खाल्ली. सी सेव्हन, शार्प फाइव्ह, शार्प नाइन. नाव एखाद्या कीटकनाशकासारखं. पाच तारा. मधलं बोट, तर्जनी, अनामिका आपापल्या जागी, आणि वरच्या दोन तारांवर एकटी करंगळी आडवी दाबायची. दोन्ही तारा एकट्या करंगळीनं. माझी करंगळी एक तार दाबायची आणि दुसरीवर नुसती टेकायची. चार सूर वाजायचे आणि पाचवा खरखरायचा.

"परफेसर, अर्धापूरचं केळं लावलंय का रे तिथं?"

"हाड आहे ते. वाकत नाही."

"लिहायला पेन धरतो ना? मग वाकतंय. पिकून राहिली तुझी करंगळी. पिवळी पडायच्या आत शिक."

स्वयंपाकघरातून आपा हसायची. तिला एकही कॉर्ड येत नव्हती, पण कान असा की साधा सूर जरी हलला तरी भांडं आपटायची. तू मुद्दाम तिला छळायचास. छान वाजवत यायचास आणि त्या कॉर्डवर येऊन थांबायचास. गिटार मांडीवर, हात पोटावर, डोळे मिटलेले.

"पूरा कर रे मुन्या!" आतून आवाज.

"चाय लाव आधी."

"आधे में छोड के नक्को बैठ, मेरा जी घबराता."

"चाय लाव, जी बसतो."

चहा यायचा. कप खाली ठेवल्याबरोबर तू शेवटची कॉर्ड वाजवायचास, आणि आपा म्हणायची, "हां. आता पी." किती संध्याकाळी हे असं झालं असेल. त्या घरात चहा उकळेपर्यंत एक सूर हवेत टांगलेला असायचा आणि आपण तिघं त्याच्याखाली बसलेलो असायचो.

आपला वाद यावरच होता. मी म्हणायचो, पुरं कशाला करायचं? तसंच सोड. जगात सगळ्यांनाच शेवट गोड लागतो, भाषणाचा, सिनेमाचा, श्रद्धांजलीचा. एक तरी गोष्ट टांगलेली राहू दे. तू मान हलवायचास.

"ही कॉर्ड म्हणजे दारात उभा माणूस, परफेसर. एक पाय आत, एक भाईर. किती वेळ उभा ठेवतो त्याला?"

"त्याला उभं राहायला आवडत असेल."

"कुणाला न्हाई आवडत. तुलाबी आवडत नव्हतं. हवा चांगली असती म्हणून सांगत होतास, विसरला का? घरात यायलाच लागतं."

मग मी विषय बदलून तुझ्या क्लासवर घसरायचो. तिथं मला उत्तरंच उत्तरं होती. देवणी, उदगीर, किनवट, कुठून कुठून पोरं येऊन या गावात कोंबली जात होती. एका खोलीत चौघं, खानावळीचा डबा, भिंतीवर वेळापत्रक. लग्नाच्या मांडवाएवढ्या हॉलमध्ये तू गळ्यात माइक अडकवून त्यांना रसायनं पाजायचास. निकाल लागला की उत्तीर्ण झालेल्यांचे चेहरे खांबांवर. बाकीचे कुठं गेले, हे कुणी फ्लेक्सवर लावत नाही. मी त्याला कारखाना म्हणायचो, चिडलो की कत्तलखाना.

"आन् तुझं कॉलेज?" तू शांतपणे विचारायचास. "तिथं कोण बसून राहिलंय वर्गात? चिमण्या? पगार तुमी घेऊन राहिले, पोरं आमच्याकडं शिकून राहिली."

"म्हणून फोटो लावून घ्यायचा खांबाला?"

"फोटो बरा येतो माझा. जाऊ दे ना."

तुला तो फोटो आवडायचा, मुनीर. हे मला गिळता आलं नाही. अध्यक्ष नसलेली कॉर्ड शिकवणारा माणूस स्वतःच्या नावापुढं 'बादशहा' चालवून घेतो, याचा मला आतून किळस यायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा तुझ्याच दारात करंगळी घेऊन हजर. तू काल त्या परक्याच्या सुटात लटकत होतास, त्याला थोडा तूही जबाबदार आहेस. त्यांना तुझं डोकं कापून वापरायची सवय तूच लावलीस. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. तुझ्या छातीनं तेवढा दम धरला असता तर म्हणालोही असतो.

तर काल. संचालकांची ढिगाऱ्यातून गिटार काढून झाली होती आणि आता त्यांनी 'मुनीर सर स्मृती क्रॅश कोर्स' जाहीर केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मी शाल मांडीवर घेऊन बसलो होतो आणि नारळ कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आपा उठली. माइक नव्हता, तिला तो लागलाही नाही.

"ढिगाऱ्यातून न्हाई निघाली ती," ती म्हणाली. "ट्रकात आली होती. कपड्यांच्या खाली. तुमीच म्हणले होते, फेकून द्या."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू आला. जी शांतता सूत्रसंचालकाला दोन मिनिटं जमली नव्हती ती आपानं आणली.

संचालक हसले. त्यांचं ते हसणं तुला माहीत आहे, निकाल कमी लागला की पालकांसाठी काढायचे. "आपांच्या भावना आपण समजू शकतो," ते माइकमध्ये म्हणाले. "दुःख फार ताजं आहे."

मला आयुष्यात पुष्कळ वेळा किळस आलेला आहे. बहुतेक वेळा मी त्याचं एक बरं वाक्य करतो आणि घरी जातो. काल वाक्य सुचलं नाही. मी उठलो आणि त्यांच्या कानाशी गेलो.

"किल्ली."

"सर, कार्यक्रम संपू द्या. पत्रकार आहेत."

"किल्ली द्या."

"सर, तुम्ही विचारवंत आहात."

"म्हणूनच हळू मागतोय. मोठ्यानं मागितली तर त्या दिवशी तुम्ही अजून काय काय फेकायला सांगितलं होतं तेही सांगेन."

त्यांनी आणखी काही सांगितलं नव्हतं, मुनीर. मी थाप मारली. पण त्यांनाही नक्की आठवत नसावं, कारण किल्ली कोटाच्या खिशातून निघाली. मी कुलूप काढलं. हार काढून संचालकांच्या हातात दिला. गिटारचं अंग ओलं झालं होतं. पुसायला काही नव्हतं म्हणून त्यांनीच दिलेली शाल तिला गुंडाळली. त्या शालीचा एवढाच उपयोग होता आणि तो झाला. मी पायऱ्या उतरून आपाकडं आलो तेव्हा पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

रिक्षात आपा गिटार धरून बसली. तुझ्या फ्लेक्सखालून रिक्षा जात होती, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

घरी पोचलो. संध्याकाळ व्हायला आली होती. तिनं तुझी खुर्ची पुढं ओढली, माझ्यासाठी. "बजाओ," ती म्हणाली आणि आत गेली.

तारा उतरल्या होत्या. मी त्या जुळवल्या. आतून स्टोव्हचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मी ती कॉर्ड धरली. मधलं बोट, तर्जनी, अनामिका. करंगळी वरच्या दोन तारांवर आडवी टाकली, आणि काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण दोन्ही तारा दाबल्या गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाचही सूर वाजले, एकही खरखरला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, पिकली एकदाची.

मी थांबलो. आतून 'पूरा करो' असा आवाज येईल म्हणून थांबलो. तो आला नाही. स्टोव्ह बंद झाला. आपा कप घेऊन बाहेर आली, समोर ठेवला. मी शेवटची कॉर्ड वाजवायला बोटं उचलणार होतो. मला ती वाजवायची होती, मुनीर. जन्मभर तुझ्याशी उलटं भांडलो आणि आता मला फक्त आत यायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं.

"नक्को," आपा म्हणाली. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "असू दे मास्तर. पूरा नक्को करू आता."

वाद मी जिंकलो. तू गेल्यावर, तुझ्याच घरात, तुझ्याच खुर्चीत बसून. मला हे तुला सांगायचं होतं.

सूर विझत गेले. चहावर साय धरली. मी करंगळी उचलली नाही.